फुल रेसवरची मिसिंग

राजूर घाटात तिसऱ्या वळणानंतर रस्ता जरा सरळ होतो. तिथे मी ॲक्सिलेटर पार तळाला टेकवला आणि गाडीने पुन्हा तोच दगा दिला. एक झटका बसून मी स्टिअरिंगवर लोटले गेले, मग क्षणभर इंजिनात जीवच नाही, मग दुसरा झटका. पाय बोटभर उचलला की लगेच गुणी बाळासारखी पळायला लागली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. आमच्या धंद्यात याला मिसिंग मारणं म्हणतात. गाडी बंद पडत नाही, चालते, चढही चढते, फक्त तिच्याकडे सगळं मागितलं की कच खाते. शनिवारची दुपार होती, चार वाजता गाडीचा मालक येणार होता आणि सकाळपासूनची ही माझी पाचवी फेरी होती. मी तळहात आपटून एक कडक शिवी दिली. गाडीला छप्पर नाही, कठड्यावर माकडं बसलेली, त्यांनी ती ऐकली. माणसं असती तरी दिली असती.

गाडी कुशलची, म्हणजे आमच्या शाळेतल्या चिंतामण सरांच्या मुलाची. तो पुण्यात नोकरीला असतो आणि सुट्टीत येऊन गाडी बांधतो. बांधतो म्हणजे नकाशे तो काढतो. लोखंडी पाइपांचा सांगाडा मी वेल्ड केला, भंगारात निघालेल्या गाडीचं तेराशे सीसीचं कार्बोरेटरवालं इंजिन मी उघडलं, पिस्टनपासून नवं केलं आणि सीटच्या मागे बसवलं. वर फायबरचं पातळ अंग, दोन माणसांची जागा, बस. पुढच्या महिन्यात पुण्याच्या बाजूला घरी बांधलेल्या गाड्यांची घाटात शर्यत आहे. तिच्या फॉर्मवर चालकाच्या नावाखाली मेकॅनिकच्या नावाचा रकाना असतो. महिन्यापूर्वी मी गाडीखाली आडवी असताना कुशल म्हणाला, "ताई, तिथे किसनकाकांचं नाव टाकतो. एस.टी. वर्कशॉपचा छत्तीस वर्षांचा अनुभव लिहिता येईल, बरं दिसेल." वाईट बुद्धीने म्हणाला नाही, आणि हेच मला जास्त लागलं. किसनकाका म्हणजे माझे वडील. त्यांचा हात आता थरथरतो, त्यांनी या गाडीचा एक नटसुद्धा आवळलेला नाही, ते गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचतात. मला तेव्हाच बाहेर सरकून म्हणता आलं असतं की काम माझं आहे, नाव माझं टाका. मी म्हटलं, "बरं." पाना हातात होता, तोंडावर ग्रीस गळत होतं, आणि मी म्हटलं, बरं.

मला ते नाव हवं होतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. एकेचाळीस वर्षांची बाई, धाड नाक्याजवळ स्वतःचं गॅरेज, आणि तरी बुलढाण्यात माझ्या दुकानाला किसनरावचं गॅरेज म्हणतात. मी आयटीआयला मोटार मेकॅनिक केलं तेव्हा वर्गात तेवीस पोट्टे आणि मी. तिथले सर हजेरी घेताना माझ्या नावापाशी थांबून म्हणायचे, "शिवणकाम शेजारच्या इमारतीत आहे बरं का." सगळे हसायचे आणि मीही हसायचे. मला अजून राग येतो तो त्यांच्या हसण्याचा नाही, माझ्या हसण्याचा. लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्यांना मी आता हिवाळ्यात कुठलं ऑइल टाकावं ते समजावून सांगते, आणि ते निमूटपणे ऐकून घेतात. पण टोमण्याला जागेवर उत्तर देणं मला फार उशिरा जमलं. आधी बरीच वर्षं माझा पाय ऐन वेळी उचलला जायचा. आणि आता ही गाडी. तीन आठवड्यांपासून फुल रेस दिली, म्हणजे ॲक्सिलेटर पूर्ण दाबला, की कच खाते, आणि कुशलने फोनवर सांगून टाकलं की शनिवारपर्यंत दोष सापडला नाही तर तो गाडी ट्रकवर घालून पुण्याला नेणार. तिथलं वर्कशॉप बघेल, मग फॉर्मवर त्यांचंच नाव. म्हणजे बाबांचंही नाव जाणार आणि माझं तर आलंच नव्हतं.

दोष सापडत नव्हता असंही म्हणता येणार नाही, कारण मला तो पहिल्या दिवसापासून माहीत आहे असं वाटत होतं. फुल रेसमध्ये असतानाच चावी बंद करायची, क्लच दाबायचा, गाडी आपसूक थांबू द्यायची आणि तिथेच रस्त्याच्या कडेला प्लग काढून बघायचे. हे मला बाबांनी शिकवलं. प्लग खोटं बोलत नाही. चारही प्लग काजळी धरल्यासारखे काळे. काळे म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. आणि तीन आठवड्यांपूर्वीच कुशलने पुण्याहून आणलेला मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा भोकाचा पितळी स्क्रू, कार्बोरेटरमध्ये बसवला होता. मोठ्या जेटमधून पेट्रोल जास्त जाणारच. झालं, मी निकाल देऊन मोकळी. फोनवर त्याला म्हटलं, "तुमचा जेट चुकला." तो म्हणाला, हिशोब तीनदा तपासलाय, जेट बरोबर आहे. मी म्हटलं, "कागदावर बरोबर असंल, घाटात चूक हाये." त्याचा हट्ट मोडायला जुना छोटा जेट लावून पाहिला, तरी गाडी मिसिंग मारतच होती; मोठा परत बसवला, पण नावं त्यालाच ठेवत राहिले. मग मी कार्बोरेटरमधल्या फ्लोटची पातळी खाली केली. मग पेट्रोलचा पंप बदलला. मग ठिणगीचं टायमिंग. एअर फिल्टरचा डबासुद्धा उघडला, आतला फिल्टर इतका स्वच्छ की नवाच वाटावा, लगेच झाकण लावलं. तो इतका स्वच्छ कसा, हे मी स्वतःला विचारलं नाही. माणूस दुसऱ्याने केलेलं काम दहादा तपासतो. स्वतःच्या हाताने केलेलं काम त्याच्या लेखी तपासून झालेलंच असतं.

शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानाचे भगवंतराव आज सकाळी मुद्दाम चहा घेऊन आले होते. "महामाया, सोड न वं आता. हे फॅन्सी गाड्याचं काम पुण्यावाल्याईचं. तू आपले ट्रॅक्टर पाह्य." बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तिले पाहू द्या भगवंतराव." भगवंतराव म्हणाले, "पाहूनच राह्यली ना तीन हप्त्यांपासून." बाबांनी पेपरचं पान उलटलं. ते पान त्यांनी आधीच वाचलेलं होतं. मी चहा प्यायले, कप धुऊन भगवंतरावांच्या हातात दिला आणि गाडी बाहेर काढली. तेव्हा मी स्वतःशी ठरवलं होतं की दोष सापडला नाही तर गाडी घाटाच्या पायथ्याशी उभी करीन आणि चावी कुशलला तिथे येऊन घ्यायला सांगीन. त्याच्या आणि भगवंतरावांच्या समोर मान खाली घालून उभं राहायचं नव्हतं.

खाली जाऊन मी गाडी वळवली आणि सहाव्या फेरीला लागले. आतापर्यंत प्रत्येक वेळी झटका बसला की पाय आपोआप उचलला जात होता. इंजिन मी बांधलेलं, त्याला त्रास होऊ नये म्हणून. या वेळी ठरवलं, उचलायचा नाही. बघू कोण आधी थकतं. तिसरं वळण संपलं, पाय तळाला. झटका. नाही उचलला. दुसरा झटका, तिसरा, मान पुढे-मागे हिसकत होती, मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, वाजव म्हटलं. आणि मग पाय तसाच दाबलेला असताना मला ऐकू आलं. इंजिन माझ्या पाठीमागे, हवा ओढणारी नळी डाव्या खांद्यापाशी. रेस दिली की ती नळी घोगरा आवाज करत हवा ओढते, तो आवाज मला पाठ आहे. झटक्याच्या आधी तो आवाज बंद होत होता. धाप लागलेल्या माणसाच्या तोंडावर कोणी हात ठेवावा तसा. मग झटका, मग नळी मोकळी, मग पुन्हा आवाज, पुन्हा बंद. इंजिन पेट्रोल जास्त पीत नव्हतं. त्याला श्वास मिळत नव्हता.

आणि तिथे, ट्रकला वाट देत गाडी कडेला घेताना, मला आईच्या कपड्याचा वास आला. आई जाऊन नऊ वर्षं झाली. ती खामगावला जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस ओढायच्या कामाला होती, बाबा तिथल्याच डेपोत. मी आठ-नऊ वर्षांची असताना दुपारी तिचा डबा घेऊन जायचे. आत शिरलं की सगळीकडे रुईची तूस, कापसाचे बारीक तंतू, उडत असायची, पापण्यांवर बसायची, आणि सगळ्या बायांच्या नाकातोंडाला लुगड्याचे तुकडे बांधलेले. फक्त डोळे दिसायचे, तरी मी आईला लांबून ओळखायचे. एकदा मी हट्ट करून तिचं फडकं माझ्या तोंडाला बांधून घेतलं. ओलं, खारट, तिच्या श्वासाचा वास असलेलं. चालताना मस्त वाटत होतं, मोठी बाई झाल्यासारखं. मग मी कापसाच्या ढिगावर पळत चढायला लागले. पाच-सहा पावलं गेले असेन, फडकं आत ओढलं जाऊन नाकपुड्यांना चिकटलं. जितका जोरात श्वास घ्यावा तितकं ते घट्ट बसत होतं. डोळ्यांपुढे काळं आलं. मी थांबले की ते सुटायचं, पळाले की चिकटायचं. आई ढिगावर धावत आली, फडकं हिसकून काढलं आणि पाठीत एक रट्टा घातला. "पयतानी तोंडाले बांधत नसते माय. आपण कामावर हयूहयू चालतो म्हनून चालते हे." माझ्या आईने, जनकाबाईने, मला आयुष्यात दिलेला हा एकमेव मेकॅनिकीचा धडा असेल. तो मी बत्तीस वर्षं कुठे ठेवला होता कोणास ठाऊक.

मग पुढचं सगळं एका दमात कळलं. कपाशीच्या दिवसांत आमच्या गॅरेजसमोर कापसाच्या गाड्या वजनकाट्यासाठी रांगेत उभ्या असतात, तूस उडत राहते. बाबा पूर्वी संध्याकाळी कापसाचे ट्रक दुरुस्त करायचे तेव्हापासून त्यांची पद्धत आहे, या दिवसांत आलेल्या प्रत्येक गाडीच्या हवेच्या नळीच्या तोंडाला फडकं बांधायचं. "गाडीच्या नाकाले फडकं," असं ते म्हणतात. ट्रॅक्टरला चालतं, जीपला चालतं, कारण इकडे शर्यतीसारखा पाय दाबून ठेवतो कोण? ही पद्धत मी त्यांच्याकडून उचलली आणि हाताला इतकी बसली की सकाळी वेणी घालावी तशी फडकी बांधत सुटते; जेट बसवला त्याच दिवशी या गाडीलाही बांधलं असणार. मी मागचं फायबरचं झाकण काढलं, आत हात घातला. नळीच्या तोंडावर, फिल्टरच्या डब्याच्या कितीतरी अलीकडे, माझ्या निळ्या ओढणीचा तुकडा. दुहेरी घडी, वरून तार पिळलेली. डावीकडे पिळलेली. बाबा उजवीकडे पिळतात, मी डावखुरी आहे. आम्हा बापलेकींपैकी कोणीही क्षणात ओळखावं की हे काम कोणाचं.

तार कापली, फडकं काढलं, घाट उतरून पुन्हा चढले. तिसऱ्या वळणानंतर पाय तळाला. गाडी सुटली. सुटली म्हणजे काय, सीटने मला पोटाशी धरलं आणि घाट माझ्या अंगावर चालून आला. नळी कानापाशी गरजत होती आणि मी मोठ्याने हसत होते, डोळ्यांतून पाणी वाऱ्याने कानात जात होतं. असं काहीतरी मी बांधलं होतं! हे मी, या दोन हातांनी! वरच्या वळणावर गाडी थांबवली तेव्हा मांडीवर ते निळं फडकं होतं. समोर दरी. फडकं टाकून दिलं तर वाऱ्याने बाभळीला जाऊन अडकेल, तिथल्या शंभर चिंध्यांत एक. कुशलला सांगायचं, फ्लोटची पातळी बसवली, झालं. तो खूश, गाडी इथेच राहणार. जेटबद्दल जे बोलले तेही तसंच राहील. मी ते फडकं बराच वेळ हातात धरलं. मग खिशात कोंबलं. फक्त इतकं कळत होतं की टाकायला हात उचलणं आणि गाडीखालून "बरं" म्हणणं यांची चव तोंडात एकच होती.

गॅरेजवर पोचले तेव्हा कुशल आलेला होता, चार वाजायच्या आधीच. भगवंतराव त्याला काहीतरी समजावत होते. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. मी इंजिन बंद केलं नाही, जागेवरच रेस दिली, आवाज ऐकून कुशलचे डोळे चमकले.

"सापडलं?"

मी खिशातून फडकं काढून गाडीच्या बॉनेटवर ठेवलं. तार अजून त्यातच होती. "नळीच्या तोंडावर हे बांधलेलं होतं. हळू चालवली की हवा जाते. फुल रेस दिली की आत ओढलं जाऊन नळी बंद. तुमचा जेट बरोबर होता."

कुशलने तो तुकडा दोन बोटांत उचलून पाहिला. "कापड? इंटेकला कापड कोण बांधतं? कुणी लावलं हे?"

"म्या," बाबा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते, तारेकडे पाहत होते. डावीकडे पिळलेल्या तारेकडे. त्यांना कळलं होतं. आमच्या दोघांखेरीज ते कोणालाही कळणार नव्हतं.

"म्याच लावलं. कापसाचे दिवस हायेत, मले वाटलं तूस जाईन. ध्यानात राह्यलं नाई."

कुशलच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तो हसला आणि त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या काका. वय झालं की होतं असं. ताई, तुम्ही काकांना जरा गाडीपासून लांब ठेवत जा."

भगवंतराव च्-च् करत म्हणाले, "मी त म्हनलंच होतं, किसनरावले आता घरी बसवा."

बाबा त्या हाताखाली उभे होते. छत्तीस वर्षांत ज्या माणसाने एकही एस.टी. अर्धवट दुरुस्त करून रस्त्यावर सोडली नाही, तो एका पोराकडून माफी घेत उभा होता, माझ्यासाठी. मला भरून आलं आणि त्याच क्षणी मला संताप आला, त्या प्रेमाचासुद्धा. कारण चूक त्यांची ठरली की काम पण त्यांचंच ठरणार. वेल्डिंग त्यांचं, पिस्टन त्यांचे, दोष सापडला तोही त्यांच्या पुण्याईने. मला चुकीपासून वाचवताना ते मला त्या गाडीतूनच उतरवत होते. प्रेमानेच उतरवत होते, पण उतरवत होते.

"बाबांनी नाही लावलं," मी म्हटलं. "म्या लावलं."

"महामाया," बाबा हळूच म्हणाले.

"ओढणी माही, तार माही, हात माहा. तीन हप्ते मी तुमच्या जेटले नावं ठेवली अन् कापड माहंच होतं. जेटबद्दल बोलले ते चुकलं माझं, कुशल. फिल्टरचा डबा उघडला तेव्हा नळी पाहायला हवी होती, नाही पाहिली. बाबांनी ह्या गाडीले बोट लावलं नाई. तो हात काढा त्यांच्या खांद्यावरून."

कुशलने हात काढला. भगवंतरावांना हसू आवरलं नाही. "म्हंजे शेवटी बाईचीच चूक निघाली म्हना."

"हाव. बाईचीच. आन् बाईनंच शोधली. तुमी तीन हप्ते चहा घेऊन आले, तुमाले नाई दिसली."

वजनकाट्यापाशी एक ट्रॅक्टर सुरू होत होता. बाबा खुर्चीत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. तिथूनच म्हणाले, "कायले बोल्ली वं? मी सांभायलं असतं ना."

"तुमी सांभायलं असतं म्हनूनच बोल्ली."

त्यांना ते आवडलं नाही. पण त्यांनी पेपर उचलला नाही, ते माझ्याकडेच बघत राहिले. कुशल गाडीभोवती एक फेरी मारून आला, नळीत डोकावला, फोन काढला, पुन्हा खिशात घातला, पुन्हा काढला. तो काय म्हणेल ते मला माहीत नव्हतं. कबूल केल्यावर लोक मोठ्या मनाने माफ करतात हे मी फारसं पाहिलेलं नाही. इतकी मोठी चूक करणाऱ्या मेकॅनिकला कोणी घाटात नेऊ नये असं त्याला वाटलं असतं, तर त्यात त्याचं काही चुकलं नसतं. आणि तरी मला भीती वाटत नव्हती. गंमत आहे, पण नव्हती.

"ताई, फॉर्म आज रात्री बंद होतोय," तो म्हणाला. "मेकॅनिकच्या रकान्यात अजून काकांचं नाव आहे. आता काय लिहू ते तुम्हीच सांगा."

"ज्याच्या हातून चूक झाली त्याचं नाव लिहा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग अंगठ्याने आधीचं नाव खोडलं. मी त्याच्या शेजारी उभी राहून एकेक अक्षर सांगितलं, घाई केली नाही. महामाया. तो थांबला आणि म्हणाला, "पुढे? किसनरावांचं नाव ठेवायचं?"

"हाव, ठेवा ना," मी म्हटलं, आणि बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. "बापाचं नाव मधात राह्यते. महामाया किसन सरकटे. मधातच लिहा."